तिसऱ्या अंकात उठून बसलेल्या वहिनी

वहिनी,

काल दत्ताने तुमचा फोटो भिंतीवर लावला. खिळा त्यानेच ठोकला, निशिगंधाचा हार घातला, मागे सरकून फोटो सरळ आहे का ते पाहिलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मला हसू फुटलं. घरात तुमची येवल्याची भावजय होती, शेजारच्या दोघीतिघी होत्या, त्यांना माझं हे वागणं आवडलेलं दिसलं नाही. मी रुमाल तोंडाशी धरला. पण दत्ताचेही खांदे हलत होते, आणि ते रडण्याने हलत नव्हते. नवऱ्याने बायकोच्या फोटोला हार घालायची ही काही पहिली वेळ नव्हती. याआधी चार नाटकांत त्याने हेच केलं होतं आणि दर वेळी तुम्ही विंगेतून त्याला सांगत होता, जरा डावीकडं घ्या, माझं तोंड वाकडं दिसतंय.

ही हकिगत खरं तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगली सांगायचा. मी सांगायला लागलो की मध्येच तोडायचा आणि पुढचं सगळं स्वतः सांगून टाकायचा. आज मला कोणी तोडणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगून घेतो.

तेव्हा दत्ता आणि मी दोघंही नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये. तो मशीनवर, मी ऑफिसात. सुटी झाली की कॉलनीच्या हॉलमध्ये नाटकाची तालीम. मी लिहायचो, दत्ता नेपथ्य करायचा, आणि तुम्ही तुमच्या शाळकरी लेकीला, मनीषाला, शेजारी बसवून मागच्या बाकावरून सगळं बघत असायचा. कामगारांच्या नाट्यस्पर्धेतलं आमचं पहिलं नाटक बाप-लेकीचं होतं. लेक आईविना वाढलेली. भिंतीवर आईचा फोटो हवा होता. जी मुलगी लेकीचं काम करत होती तिच्या आईने आपला फोटो द्यायला साफ नकार दिला. मग कॅलेंडरवरची एक बाई लावून पाहिली, तर ती आई कमी आणि साबणाची जाहिरात जास्त वाटत होती. तेव्हा तुम्ही म्हणालात, माझा न्या की. लग्नाआधी येवल्याच्या स्टुडिओत काढलेला फोटो, वडिलांनी स्वतःच्या मागावर विणलेली पैठणी नेसून. हार घालावा लागेल, असं दत्ता चाचरत म्हणाला. तुम्ही म्हणालात, मग घाला, खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं. तुमच्या सासूबाईंनी धरलेला अबोला प्रयोग होईपर्यंत सुटला नाही.

प्रयोगानंतर तुम्ही बाजारात कोथिंबीर निवडत होता आणि समोरून आलेली एक बाई तुम्हाला पाहून जागच्या जागी थांबली. आदल्या रात्री तिने तुमच्यासाठी पदर ओला केला होता. तुम्ही तिला म्हणालात, बरी हाय मी आता. हे तुम्ही तालमीत सांगितलंत तेव्हा दत्ताला हसून हसून ठसका लागला होता.

पण त्याच प्रयोगाला आप्पा आले होते, माझे वडील. पडदा उघडला, लेकीने आईच्या फोटोपुढे निरांजन लावलं, आणि आप्पा उठून निघून गेले. मी विंगेतून पाहत होतो. घरी गेलो तर ते नेहमीसारखे दार उघडायला आले, जेवण झाकून ठेवलंय म्हणाले आणि झोपायला गेले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी दोन वर्षांचा असताना माझी आई गेली. तिचा फोटो आमच्या घरात नव्हता. आप्पांनी तो का लावला नाही हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि तिच्याबद्दल काही सांगायची तर मुळीच नव्हती. दोघांचंच घर. पुढच्या तीन नाटकांना आप्पा आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

त्यानंतरची तीनही नाटकं तशीच झाली. माणसं वेगळी, गोष्ट वेगळी, आणि आई मात्र भिंतीवर, तुमच्या चेहऱ्याची. चौथ्या नाटकाच्या वेळी एका संध्याकाळी चहाचे कप गोळा करता करता तुम्ही मला विचारलंत, "भाऊजी, तुमच्या समद्या नाटकांत आई मेलेलीच का असती?"

मी तुम्हाला भलंमोठं उत्तर दिलं. साहित्यात असंच असतं म्हणालो. जुन्या कहाण्यांपासून पाहा, मुलांच्या गोष्टी पाहा, कादंबऱ्या पाहा, नायक-नायिका बहुतेक आईविना. कारण आई घरात असली की गोष्ट पुढे सरकतच नाही. मूल रानात जायला निघालं की ती दारात उभी राहणार. भांडण पेटायला लागलं की ती मध्ये पडणार. पहिल्या अंकातच सगळं मिटून जाणार. आई नसली की मूल उघड्यावर येतं आणि मग त्याच्या आयुष्यात काहीतरी घडायला लागतं. मला माझं हे बोलणं फार आवडलं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, आई असली की काही घडत नाय म्हणता, तर एक दिवस माझ्या घरी येऊन बसा.

म्हणून त्या रविवारी मी सकाळपासून तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो. मनीषाची शाळेची सहल जाणार होती. ती जाते म्हणत होती आणि तुम्ही नाही म्हणत होता. तिला ताप येऊन गेलाय, बस लांब जाते, बाई नवीन आहेत, तुमची कारणं संपत नव्हती. मनीषा पाय आपटत होती, रडत होती, दत्ता पेपरमागे लपला होता. आणि हे सगळं चालू असताना तुम्ही दुधात पीठ भिजवून दशम्या थापत होता. कुणासाठी, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, सहलीला लागत्याल ना तिला. तोंडाने नाही म्हणत होता आणि हाताने डबा भरत होता. मी थक्क होऊन बघत राहिलो. आई अशी असते, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. तिथल्या आया जे मनात असतं तेच बोलतात.

मग मी खिशातून दोन पानं काढली. आईचं एक भाषण लिहून पाहिलं होतं, ते तुम्हाला वाचून दाखवलं. त्यात ती मुलाला म्हणते, बाळा, तूच माझं सर्वस्व आहेस, तुझ्याविना मी कशी जगू. तुम्ही कलथा खाली ठेवलात आणि भिंतीला टेकून हसत राहिलात. मनीषासुद्धा रडायची थांबून हसायला लागली. मला राग आला. मी म्हणालो, मला आई माहीतच नाही, मी लिहिणार कुठून, म्हणून तर ती भिंतीवर असते.

तुमचं हसणं थांबलं. तुम्ही विचारलंत की पहिल्या नाटकातला बाप लेकीचा फ्रॉक वाळला का ते गालाला लावून बघतो, ते मी कुठून आणलं. मी म्हणालो, आप्पा बघायचे. पावसाळ्यात माझा शाळेचा सदरा गालाला लावून बघायचे, ओला असला की तव्याच्या धगीवर धरायचे. दुसऱ्या नाटकातला तो काका, पोर झोपलं की नाही ते बघायला दाराशी येऊन उगाच खाकरतो, तो? मी म्हणालो, तेही आप्पाच. तुम्ही दशमी उलटलीत आणि म्हणालात, "म्हंजे आई तुम्हाला चांगली ठाऊक हाय भाऊजी. तिला मिशा हायेत, एवढंच."

वहिनी, मी त्याआधी आणि त्यानंतर साहित्यावर बरंच वाचलं आहे, चार व्याख्यानंही ऐकली आहेत. घराचं आणि लिहिण्याचं नातं असं एका वाक्यात कुणी मला दाखवलं नाही. मला वाटत होतं माझी नाटकं आईच्या नसण्याबद्दल आहेत. ती सगळी आप्पांबद्दल होती, आणि हे आप्पांनाही माहीत नव्हतं.

त्या वर्षी मी जिवंत आईचं नाटक लिहिलं. तिचं काम तुम्हीच करायचं, असा हट्ट धरला. तुम्ही आढेवेढे घेतलेत, भिंतीवरून उतरायला भीती वाटते म्हणालात, पण तालमीला सगळ्यांच्या आधी यायला लागलात. गोष्ट साधी होती. वडील आणि मुलगा एकमेकांशी बोलत नाहीत. मधे आई. सगळे निरोप तिच्यामार्फत जातात. आणि तिसऱ्या अंकात ती आजारी पडून मरते, तिच्या खाटेपाशी बाप-लेक गळ्यात पडतात, पडदा.

ते वाचल्यावर तुम्ही माझ्याशी जे भांडलात ते मी विसरलेलो नाही. तुमचं म्हणणं होतं की मी पुन्हा तेच केलं, फक्त दोन अंक उशिरा. त्यांच्यातलं मिटवायला मी मरायचं का, असं तुम्ही विचारलंत, जितेपणी मिटवता येणार नाय मला? मी म्हणालो, नाटकाला ते लागतं. प्रेक्षक रडला पाहिजे. तुम्ही म्हणालात, रडवायचं असंल तर कांदा बी रडवतो. तालमीत पुढे तुम्ही गुपचूप मरत गेलात. रोज छान मरायचा. मला वाटलं, पटलं तुम्हाला.

नाशिकला शालिमार चौकाजवळच्या नाट्यगृहात प्रयोग होता. तिसरी घंटा व्हायच्या आधी मी पडद्याच्या फटीतून प्रेक्षक पाहत होतो आणि मला चौथ्या रांगेत आप्पा दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ बसलेले. त्यांना कुणी बोलावलं हे मला कळेना. पहिले दोन अंक ते हलले नाहीत. एकदा तर हसलेही. मला मात्र तिसऱ्या अंकाची धडकी भरली होती. आता आई मरणार, आणि हा माणूस पुन्हा उठून जाणार.

तिसरा अंक सुरू झाला. तुम्ही खाटेवर होता. शेवटचं वाक्य बोललात, मान कलती केलीत, प्रकाश मंद व्हायला लागला. आणि तुम्ही खोकलात. मग पुन्हा खोकलात. मग हाताचा टेकू घेऊन उठून बसलात. प्रकाशवाल्याला काय करावं कळेना, त्याने दिवे पुन्हा वाढवले. मी विंगेतून कुजबुजत होतो, वहिनी, मरा, मरा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा. मग पाय खाली सोडलेत, खाटेवरची चादर ओढून काढलीत आणि म्हणालात, "लय दिवस झाले, ही धुतली नाय कुणी. धरा."

एक टोक नवऱ्याच्या हातात दिलंत, दुसरं मुलाच्या. आमचे दोन्ही नट प्रेसमधले, पाठ केल्याशिवाय एक शब्द न बोलणारे. ते नुसते उभे राहिले. तुम्ही बाजूला उभ्या राहून सांगत होता, ताणून धरा, असं नाय, आता जवळ या. चादरीची घडी घालायची तर दोघांना जवळ यावंच लागतं. ते एकदा जवळ आले, मागे गेले, पुन्हा जवळ आले. चादर लहान होत गेली. शेवटी दोघांचे हात एकमेकांच्या हातात आले आणि मध्ये ती घडी. बाप झालेल्या नटाला काहीतरी बोलणं भाग होतं. तो म्हणाला, मळलीय खरी. मुलगा म्हणाला, मी भिजवतो. तेवढ्यात प्रकाशवाल्याने, देव त्याचं भलं करो, दिवे मालवले.

 नाट्यगृहात टाळ्या अशा पडल्या की मला माझा राग कुठे ठेवावा ते समजेना.

मेकअपच्या खोलीत मी तुम्हाला बोलायला आलो तर आप्पा तिथे आधीच पोचले होते. दाराशी उभं राहून ते तुमच्याशी हळू आवाजात बोलत होते, आणि तुम्ही तोंडावरची पावडर पुसत मान हलवत होता. काय बोलणं झालं, हे मी तुम्हाला पुढे कितीदा विचारलं. आमच्या दोघांतलं हाय, एवढंच तुम्ही म्हणायचा. आता तुम्हीही नाही आणि आप्पाही नाहीत. ते बोलणं तुमच्यापाशीच राहिलं, आणि ते तसंच राहू दे.

आम्ही बापलेक रिक्षाने नाशिक रोडला परत निघालो. रिक्षा द्वारका चौकातून वळली. मग आप्पा म्हणाले, "मरणार नाही, असा शब्द दिला होता तिने मला."

तेव्हा कुठे मला कळलं. आठवड्यापूर्वी मी ऑफिसात असताना तुम्ही आमच्या घरी गेला होता. लाडवांचा डबा हे निमित्त. आप्पांना तुम्ही म्हणाला होतात, या वेळी नाटकात आईच्या फोटोला हार नाही, या वेळी आई हिंडतीफिरती आहे, येऊन बघा. आप्पांनी विचारलं होतं, शेवटपर्यंत? आणि तुम्ही हो म्हणून बसला होता. मला सांगितलं असतंत तर मी वाद घातला असता, शेवट बदलला नसता, हेही तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही तालमीत मरत राहिलात.

आप्पा पुढेही बोलत राहिले. रिक्षाच्या आवाजात मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. ते म्हणाले, तुझ्या आईला चादरीची घडी कधी घालता आली नाही, तिच्याकडचं टोक नेहमी खाली लोंबायचं, आणि मी सांगायला गेलो की तीच भांडायची. ते हे अगदी खुशीत सांगत होते. मी तिशी ओलांडली होती, आणि माझ्या आईबद्दल मला कळलेली ही पहिली गोष्ट होती. ती वेंधळी होती आणि भांडकुदळ होती. मला ती एकदम आवडली.

लेखनाचं बक्षीस गेलं, कारण परीक्षकांच्या हातातल्या संहितेत आई मेलेली होती आणि समोर ती चादर झटकत होती. तुम्हाला मात्र अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते घेऊन तुम्ही पुढचे कित्येक महिने माझ्याशी वाद घातलात, आणि खरं सांगायचं तर तो वाद दहा-बारा वर्षं चालला. माझं म्हणणं असं की प्रेक्षकांनी आई मरणार हे गृहीत धरलं होतं, म्हणून तिचं उठणं त्यांना भावलं. आधीच्या मेलेल्या आया नसत्या तर ही जिवंत आई उभी राहिली नसती. तुम्ही म्हणायचा, ते मला काय कळत नाय, पण आता पुढचं लिहा. आई जगली, मग पुढं काय झालं? त्या दोघांचं पुन्हा बिनसलं असंल की नाय? मी प्रयत्न केला वहिनी. दोन नाटकं लिहिली त्यानंतर. त्यांत आया आहेत, बोलणाऱ्या, भांडणाऱ्या. पण तुम्हाला हवं होतं ते पुढचं मला जमलं नाही. कुणाला काही होत नाही आणि तरी गोष्ट चालू राहते, असं लिहिणं सगळ्यांत अवघड.

घरात मात्र ते मला मिळालं. आप्पा बोलायला लागले. जेवताना, कपडे वाळत घालताना, मध्येच आठवल्यासारखं काहीतरी सांगायचे. आई चिंच चोरून खायची. आईला पोहता येत होतं आणि ते तिने लग्नानंतर दोन वर्षं लपवलं. सिंहस्थाच्या वर्षी आप्पा गेले, तोवर मला एक बऱ्यापैकी पूर्ण आई मिळाली होती. एवढी वर्षं ती आप्पांपाशी होती आणि मला मागता येत नव्हती. तुम्ही लाडवांचा डबा घेऊन गेलात म्हणून ती माझ्यापर्यंत आली. याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही विषय बदलून गॅस संपल्याचं सांगितलं असतं.

गेल्या महिन्यात मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही पलंगावर होता, अगदी हलक्या झाला होता. दत्ता औषध आणायला खाली गेला होता. तुम्ही मला जवळ बसवलंत आणि म्हणालात, "भाऊजी, या बारीला काय मला उठता यायचं नाय. तुमचा तिसरा अंक तुम्ही जिंकला."  मी म्हणालो, मला जिंकायचा नाही. तुम्ही हसलात. मग विषय बदललात, पुण्याहून मनीषा येणार आहे, तिला वांग्याची भाजी आवडते, बाजारात काटेरी वांगी आली का, असं विचारलंत.

काल सगळी मंडळी गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. दत्ता, मनीषा आणि मी. मनीषा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. तिने मला विचारलं, काका, तुम्ही तर लहानपणापासून आईविना राहिलात, कसं राहतात ते मला सांगा. इतकी नाटकं लिहिली, पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.  मी म्हणालो, मनू, तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस. उठून ओट्याशी गेलो, डाळीचं पीठ शोधलं, लसूण ठेचला आणि पिठलं लावलं. डबे कुठले कुठे ते मला तुमच्या घरात पूर्वीपासून ठाऊक आहे.

तिघांची ताटं घेतली. पहिला घास खाऊन दत्ता म्हणाला, मीठ कमी आहे. मी म्हणालो, गुठळ्याही झाल्यात. मनीषा म्हणाली, आई असती तर तिने दोन दिवस ऐकवलं असतं. मग तिनेच ऐकवायला सुरुवात केली. पीठ आधी पाण्यात कालवून घ्यायचं असतं, एवढंही कळत नाही का, नाटकं लिहिता म्हणे, आणि बाबा, तुम्ही तरी लक्ष द्यायचं ना. आम्ही दोघं मान खाली घालून मुकाट्याने जेवत होतो, आणि ती थांबत नव्हती.